पुस्तक १८८, पान २१२

कोर्टाच्या तळघरात, बॉयलरला लागून आमची खिडकी.
एकतीस वर्षं मी इथे शिक्का मारते.
दस्त न्यायाचा की अन्यायाचा, मला विचारू नका,
ते वरच्या मजल्यावर.
मी एवढंच बघते: वर तीन इंच समास कोरा आहे ना,
नोटरीची मुदत उलटली नाही ना,
शाई काळी आहे ना.
आणि मग घड्याळ, मिनिटासकट.
मिनिटांवरून इथे डोंगर फिरलेत,
या भावाकडून त्या भावाकडे.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी आर्डिथ स्टँपर आली.
अंगात चर्चचा कोट, पायांत गोठ्यातले बूट,
काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात दस्त.
लिहून देणार: आर्डिथ, डेल्मर स्टँपरची विधवा.
लिहून घेणार: ट्वायला,
मयत डेल्मरच्या पहिल्या बायकोची मुलगी, वस्ती डेटन.
राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
लिक फोर्कवरची साडेअकरा एकर
जल तरू तृण काष्ठ पाषाणासह,
कोळसा सोडून.
कोळसा डेल्मरच्या आजोबांनी १९११ सालीच दिला होता
एकरी पन्नास सेंटांना, अंगठा उठवून.
त्याचं पान वेगळं.

चतुःसीमा मी मोठ्यानं वाचते. नियम नाही, खोड आहे.
"पांढऱ्या ओकपासून सुरू,
ओढ्याच्या वळणावळणानं बावीस काठ्या खाली,
हायरमचं खेचर मेलं त्या दगडापर्यंत,
तिथून कड्याच्या धारेनं वर..."
"ओक नाही आता," आर्डिथ म्हणाली.
ठाऊक आहे. माझ्या जन्माआधीच त्याच्यावर वीज पडली.
पण सहा दस्तांतून तो जसाच्या तसा उतरवलाय,
आणि खेचर बिचारं
दर खरेदीला त्याच दगडापाशी मरतंय.

"मग आता हे तिला कळेल?"
मी कायदा सांगितला:
शिक्का पडला की साऱ्या जगाला कळलं, असं धरतात.
"साऱ्या जगाला," ती म्हणाली.
थोडं थांबून: "डेटनलासुद्धा?"

जग काही एवढ्या पायऱ्या उतरत नाही.
महिन्याकाठी एक वकिलाचा पोऱ्या,
गॅस कंपनीचा एखादा, चिखलाच्या बुटांनिशी,
आणि खापरपणजा शोधणाऱ्या दोन जाड्या बहिणी,
त्या सँडविच आणतात, पानांवर चुरा पाडतात.
हे मी तिला सांगितलं नाही.

शेवटचा रकाना: मूळ दस्त परत कुणाकडे पाठवायचा?
इथे तिचा पेन अडला.
डेल्मरच्या दफनाला त्या दोघी काय बोलल्या
ते अख्ख्या खोऱ्यानं ऐकलंय.
अकरा वर्षं झाली.
ते मात्र कुठल्याच पुस्तकात नोंदलेलं नाही,
म्हणून कायद्यानं कुणालाच माहीत नाही.
तिनं घरनंबर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.
खाडाखोडीवर सही लागते, मी म्हटलं.
तीही केली.
फीला दोन डॉलर कमी पडले, ते माझ्या बरणीतून.
तीन वाजून बेचाळीस मिनिटं.
जाताना विचारलं, "डबाही ठेवायचा का इथे?"

तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं.
*या पत्त्यावर राहत नाहीत.*
आर्डिथला कळवायला हवं होतं. कळवलेलं नाही.
पाकीट माझ्या खणात आहे, रबरबँडांखाली,
आणि ट्वायलाला, कायद्यानं, सगळं ठाऊक आहे.

परवा प्रतींची वही चाळताना एक ओळ दिसली,
मी दात दाखवायला गेले होते त्या दुपारची.
पु. १८८, पा. २१२. एक प्रत. पन्नास सेंट, रोख.
नावाचा रकाना त्या वहीत नसतो.
नव्या मुलीला विचारलं, कोण होतं?
ती म्हणाली, "बाई होती वाटतं.
पार्किंगला सुट्टे मागत होती.
मी म्हटलं, आम्ही देत नाही."